भावकीच्या बाजूची खिडकी

आमच्या वाडीत कोणाचं कोणाशी वाकडं आहे हे विचारावं लागत नाही. घरं बघत चालत जायचं. ज्या घराच्या एका अंगाला खिडकी नाही, झरोका नाही, न्हाणीघराचं भोकसुद्धा नाही, त्या अंगाला त्या घराचा चुलतभाऊ राहतो असं खुशाल समजावं. अशा भिंतीला आमच्याकडे आंधळी भिंत म्हणतात. भावकीत बिनसलेलं असताना नवं घर बांधायची वेळ आली, तर त्या बाजूला आंधळी भिंत घालायची ही रीतच. तोंडाने भांडून घसा बसतो, भिंत एकदा घातली की पुढे काही करावं लागत नाही. त्यात कोणाला वावगं वाटत नाही, मलाही वाटत नसे.

मी रत्नागिरीत बँकेत आहे. एकटी राहते. कोणाचं ऐकून घेत नाही म्हणून एकटी राहते, असं माझा दादा म्हणतो. सुट्टी मिळाली की जयगडला स्कूटर फेरीबोटीत घालते, समोर तवसाळला उतरते आणि हेदवीच्या अलीकडे आमच्या वाडीत येते. तिथे माझी वहिनी असते. दादा मालवाहू जहाजावर इंजिनात. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर आणि उरलेले महिने घरात आडवा. मुलगा मुंबईत नोकरीला. तेव्हा घर म्हणजे वहिनीच.

वहिनी राजापूरची, भर बाजारपेठेत वाढलेली. तिच्या माहेरच्या ओट्यावर बसलं की अख्खा बाजार समोरून जायचा. अशी मुलगी आमच्या आगरात आणून ठेवली, जिथे दुपारी नारळ पडला तर तोच काय तो आवाज. कोणीही कंटाळली असती. वहिनी नाही कंटाळली, कारण शेजारी तिची जाऊ होती. आमच्या चुलतभावाची, भाईची बायको. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या. दोन घरांच्या मधे गडगा, म्हणजे आमच्याकडची चिऱ्यांची नुसती रचलेली कुंपणाची भिंत, छातीइतकी उंच. दुपारची भांडी झाली की दोघी दोन बाजूंनी गडग्याला कोपरं टेकून उभ्या. काय बोलायच्या देव जाणे. मासे महागले, सासू असं म्हणाली, पोराला ताप आलाय, पापड वाळले का. एकीच्या घरातली आमसुलं संपली तर दुसरी न मागता द्रोण भरून गडग्यावर ठेवायची. दोघींची मुलं कोणाच्या घरी जेवली हे रात्री विचारून घ्यावं लागे.

मग एका वादळात पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्याखाली गडगा पडला, आणि तो परत रचताना दोन्ही घरच्या पुरुषांची डोकी फिरली. दादा म्हणे गडगा हातभर आत आला. भाई म्हणे हातभर बाहेर गेला. मोजणी झाली, ती दोघांनाही पटली नाही. हातभर जमिनीत येऊन येऊन काय येणार, अळूची चार पानं! पण दोघे एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते झालेच. आणि पुरुष बोलत नाहीत तोवर बायकांनी बोलायचं नाही, हा आणखी एक शहाणपणा. एकदा वहिनीने नागपंचमीला पातोळ्यांची ताटली गडग्यावर ठेवली, तर ती संध्याकाळपर्यंत तशीच. भाई घरात होता. वहिनी म्हणाली, "परत नाही ठेवायची. तिला घरात ऐकून घ्यावं लागतं." तेव्हापासून आमच्या घरात तिला जाऊ म्हणेनासे झाले. ती नुसती 'पलीकडची' झाली. भाईने मग नवं घर बांधलं आणि आमच्या बाजूला जांभ्याची आंधळी भिंत घातलीन, जमिनीपासून स्लॅबपर्यंत.

गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात वहिनी तापाने पडली. दादा बोटीवर, मी रत्नागिरीत, फोनची रेंज गेलेली. ती अंथरुणातून उठून पाणीसुद्धा घेऊ शकली नाही. शेवटी मासेवाली दारात हाका मारून कंटाळली आणि आत डोकावली, म्हणून कळलं. मी धावतपळत पोचले तेव्हा वहिनी सलाईन लावून पडली होती. म्हणाली, "मेले असते तर म्हावऱ्याच्या टोपलीतनं बातमी फिरली असती." मी हसले नाही. ती हसली, पण मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ती तिकडे दहा पावलांवर होती गो. तिला कळलं नाही. कसं कळणार? मधे दगड."

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं ते खिडकीच्या हौसेपायी झालं असं लोक म्हणतात. हौस कसली डोंबलाची. वहिनीला त्या घरात एकटीने म्हातारं व्हायचं होतं, आणि हाक मारली तर ऐकायला तिला तिची जाऊ परत हवी होती. बाकी तिला घरात कोनाडासुद्धा नको होता.

दादाने जुनं घर तसंच ठेवून शेजारी नवं बांधायचं काढलं. चिपळूणच्या एका इंजिनीयरने मोबाइलवर घर गोल गोल फिरवून दाखवलं. राखाडी घर, राखाडी चौकटी, पश्चिमेला समुद्राच्या दिशेने माणूसभर उंचीच्या काचा. खरं सांगायचं तर मला आवडलं. रत्नागिरीत हल्ली सगळी तशीच बांधतात.

"समुद्र दिसला पाहिजे," दादा म्हणाला.

"तुमचा अजून बघायचा राहिलाय?" वहिनी म्हणाली. मग तिने बोटाने घर फिरवलं आणि पूर्वेला थांबली. "हे माझं स्वयंपाकघर ना? ह्याला खिडकी कुठाय?"

"त्या बाजूला भाईचं घर आहे."

"ते मला माहीत आहे. खिडकी कुठाय?"

"पंखा बसवतोय की धुराला."

"पंख्यातनं मी काय बघू?"

"तिकडे बघायचं काय आहे? त्यांची भिंत?" दादाचा आवाज चढला. "त्या बाजूला खिडकी ठेवली म्हणजे मी वाकलो. सगळी वाडी हसेल."

वहिनीने मोबाइल त्याच्या हातात परत दिला. पण भूमिपूजनाला गुरुजी आले, नारळ वाढवून झाला, आणि दादाच्या देखत तिने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "गुरुजी, आग्नेयेला स्वयंपाकघर आणि पूर्वेला खिडकी नाही, असं चालतं का हो?" गुरुजी म्हणाले, छे छे, सकाळचं ऊन अन्नावर आलं पाहिजे. वास्तुशास्त्रावर वहिनीचा काडीचा विश्वास नाही. दादाचा आहे. बोटीत बसायच्या आधी पंचांग बघतो तो. "मग छोटी ठेव. वरच्या बाजूला," एवढं पुटपुटून तो पंधरवड्याने बोटीवर गेला. वहिनीने "हो" म्हटलं. तिच्या त्या 'हो'चा अर्थ मला कळला होता, त्याला कळला नसावा.

जोतं भरून झालं तेव्हा मी गेले होते. बघते तर वहिनी उन्हात नुसत्या जोत्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेली. भिंती नाहीत, छप्पर नाही, ही आपली जिथे स्वयंपाकघर होणार तिथे मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडतेय. मी म्हटलं, "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बस इथे," ती म्हणाली. "आता सांग, तुला काय दिसतं?"

मी बसले. गडग्याचा वरचा थर दिसत होता, पलीकडे पोफळी, आणि भाईच्या घराची ती भिंत. भिंतीच्या कडेने त्यांचं परसू, दोरीवर वाळत घातलेली लुगडी आणि न्हाणीची चूल.

"आता उभी राहा."

उभी राहिले तर आणखी बरंच दिसत होतं. पण वहिनी म्हणाली, "दिवसातला किती वेळ उभी असते मी? कामं बसून. म्हणजे खिडकी बसलेल्या बाईच्या डोळ्याला हवी. तुझे दादा म्हणतात तशी वर ठेवली तर मला फक्त आभाळ दिसेल. आभाळाशी काय बोलायचं?"

अशी ती खुर्ची घेऊन घरभर हिंडली. घरभर म्हणजे त्या मोकळ्या जोत्यावर. झोपायच्या खोलीच्या जागी चटई अंथरून आडवी पडली आणि सकाळचं ऊन तोंडावर येतं का ते पाहिलंन. पश्चिमेला बसून दुपारभर तापली आणि संध्याकाळी इंजिनीयरला फोन केलान, "तुमच्या काचा निम्म्या करा. पावसाळ्यात झड ह्याच बाजूने येते. तुम्ही येणार का पुसायला?" त्याने ऐकलं. खिडक्या कुठे असाव्यात हे कागदावर ठरवणारे पुष्कळ असतात, खिडकी नसताना तिच्यात जाऊन बसणारी मी ही एकच पाहिली. मला तिचं त्या दिवशी इतकं कौतुक वाटलं की मी न सांगता उठून तिला चहा करून आणला, आणि मी कोणाला चहा करून देत नाही.

भिंती चढायला लागल्या. एक दिवस वहिनी गुहागरला बाजाराला गेली आणि संध्याकाळी आली तर स्वयंपाकघराची खिडकी गायब. जिथे ती मोकळी जागा सोडायला सांगितली होती तिथे चिरे बसवून, सांध्यांत सिमेंट भरून, भिंत गुळगुळीत. गवंडी हात धुऊन उभा, चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. म्हणाला, "वैनी, कागदावर चूक झालेली, ती सुधारली."

"कसली चूक?"

"भावकीच्या अंगाला खिडकी दाखवलेली. इंजिनीयर चिपळूणचा, त्याला काय माहीत! मी बुजवली."

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. उभ्या जन्मात त्याने त्या बाजूला खिडकी सोडलेली नव्हती, त्याच्या बापानेही नसेल. वहिनी चिऱ्यांच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठली आणि म्हणाली, "उद्या काढा ते."

"दादा काय म्हणतील मला?"

"दादांना मी बघते. तुम्ही चिरे काढा."

आता बसवलेले चिरे काढायचे म्हणजे घणाचे घाव. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत. गुपचूप सोडली असती तर खिडकी कोणाच्या लक्षातही आली नसती, पण त्या आवाजाने वाडीतली माणसं गोळा झाली आणि सगळ्यांना कळलं की ह्या बाई भावकीच्या बाजूची भिंत फोडतायत. कोणी म्हणालं नवरा बोटीवर, बाई मोकाट. कोणी म्हणालं, खिडकीतनं पलीकडच्यांवर पाळत ठेवायची असेल. फणसाची चौकट उभी केली तेव्हा तिने पुढल्या दाराच्या चौकटीला करतात तसं तिला हळदकुंकू लावलं, आंब्याचा टहाळा बांधला आणि नारळ वाढवलान. खिडकीला कोणी नारळ वाढवत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "येण्याजाण्याची वाट आहे ना? मग झालं."

राहिला रंग.

खारं वारं असल्यामुळे ॲल्युमिनियम नको असं ठरलं होतं. आमचाच एक जुना फणस पाडून सगळ्या चौकटी नि झडपा केल्या होत्या. दादाचा निरोप यायचा, राखाडी, राखाडी. मला पांढरा हवा होता. वहिनीने सुताराकडून फळ्यांचे उरलेले तुकडे घेतले आणि त्यांना एकेक रंग दिलान. पांढरा, राखाडी, चॉकलेटी, बाटलीचा हिरवा, निळा, आणि गणपतीच्या मखरासाठी आणलेला हळदीसारखा पिवळा उरला होता तो. आणि त्या फळ्या नेऊन कुठे उभ्या कराव्यात? गडग्यावर. ओळीने, तोंडं पलीकडे करून.

"अगं, घराला लावून बघ ना," मी म्हटलं. "गडग्यावर काय कळणार?"

"घरातल्या माणसाला खिडकीचा बाहेरचा रंग दिसतो का कधी?"

"नाही. वाटेने जाणाऱ्याला दिसतो."

"वाट तिकडे पश्चिमेला. ह्या बाजूने कोण जातं?"

ह्या बाजूने कोणी जात नाही. ह्या बाजूला बघणारं माणूस एकच.

"तू तिला विचारतेयस?"

"मी कोणाला काय विचारलं?" वहिनी म्हणाली. "फळ्या वाळत घातल्यात."

पुढच्या रविवारी आले तर राखाडी फळी गडग्यावर पालथी पडलेली. मी म्हटलं माकडांनी पाडली असेल. वहिनी म्हणाली, असेल, आणि परत उभी केलीन. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तीच पालथी, आणि तिच्या शेजारी माझी पांढरी. "माकडाला राखाडी आवडत नाही एवढं कळलं," वहिनी म्हणाली. मला माझ्या पांढऱ्यासाठी राग आला. मी तो मुद्दाम उभा केला आणि बजावलं की ह्याला हात लावायचा नाही. कोणाला बजावलं कोण जाणे, पोफळींना. सकाळी उठून पाहते तर पांढरी पालथी, आणि ती उडू नये म्हणून वर एक छोटा चिरा ठेवलेला! माकडं चिरा ठेवत नाहीत. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. त्या घरातून आम्हाला इतक्या वर्षांत आलेलं ते पहिलं उत्तर होतं आणि ते मला उद्देशून होतं. पलीकडची मला चांगली ओळखत होती.

होता होता चॉकलेटी गेला, हिरवा गेला. "हिरव्याला नाही म्हणणारच," वहिनी म्हणाली, "तिच्या दारात हिरवं काय कमी आहे?" निळा बरेच दिवस उभा होता. शेवटी तोही पालथा झाला आणि राहिला पिवळा. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हे घर आहे की रिक्षा स्टँड? वहिनी उठून गडग्यापाशी गेली आणि तिकडे पाठ करून, पलीकडून दिसेल तसं आमच्या घराकडे बघत राहिली. मीही गेले. तिथून आमचं घर पोफळींच्या सावलीत काळपट तांबडं दिसत होतं. दुपार असूनसुद्धा त्या बाजूला अंधारच. वहिनी म्हणाली, "पावसात तर ह्या बाजूला काहीच दिसत नाही. चार महिने नुसती सावली. ती न्हाणीच्या चुलीपाशी बसून इकडे बघत असणार. तिला काहीतरी दिसायला हवंय."

सगळ्या खिडक्या पिवळ्या झाल्या. माझं तोंड वाकडं होतं ते झडपा चढल्या त्या दिवशी सरळ झालं. न गिलावलेला तांबडा चिरा आणि त्यात हळदीचा रंग, इतकं देखणं घर आमच्या वाडीत दुसरं नाही, हे मी आता कोणालाही भांडून सांगेन. वहिनी पहाटे उठली की पहिली ती खिडकी उघडायची. समोर आंधळी भिंत. लोक विचारायचे, वैनी, काय दिसतं? ती सांगायची, "अजून काही नाही."

दादा आला तो वास्तुशांतीला चार दिवस राहिले असताना. वाटेवरून खिडक्या बघूनच त्याने सामान खाली ठेवलं. "हा कुठला रंग? शाळा आहे का ही?" मग आत आला, स्वयंपाकघरात गेला आणि ती खिडकी पाहिलीन. बसलेल्या माणसाच्या कमरेपासून वर, दोन झडपांची, ऐसपैस. मग त्याने झडपा ओढून लावल्या, कडी घातली आणि म्हणाला, "पूजा झाली की बुजवायची. आणि त्यांना बोलावणं जाणार नाही. माझ्या घरात त्यांचं पाऊल नको."

मी तोंड उघडणार होते. वहिनीने मला हाताने थांबवलं.

"तुमचं घर," ती म्हणाली. "बरोबर. तुम्ही ह्यात वर्षातनं किती राहता? तुम्ही तिकडे पाणी बघता, आणि तुमच्याबरोबर बोटीवर माणसं असतात. जेवायला माणसं, पत्ते खेळायला माणसं, आजारी पडलात तर उचलायला माणसं. मी इथे एकटी ती भिंत बघते. हातभर जमीन तुमची गेली. माझी जाऊ गेली. मी तापाने पडले होते तेव्हा तुमची ती हातभर जमीन मला पाणी द्यायला आली नाही." तिने लावलेल्या झडपांकडे हात केला. "खिडकी बुजवायची असेल तर बुजवा. मग मला राजापूरला पोचवा. मी इथे राहायची नाही."

वहिनी असं कधी बोलत नाही. ती थट्टेत सगळं सांगते. दादा उठून आगरात गेला आणि जेवायलाही आला नाही. मला त्याची दया आली नाही, स्पष्टच सांगते. पण त्याने कडी काढली की नाही हे बघायला मी पुनःपुन्हा स्वयंपाकघरात जात होते.

कडी काढायला तो आला नाही. वहिनीनेही काढली नाही. दोन दिवस खिडकी तशीच बंद राहिली.

पूजेच्या आदल्या सकाळी भाई त्याच्या अंगणात नारळ सोलत होता. दादा हळूहळू गडग्यापर्यंत गेला. आम्ही दोघी दाराआड. तो भाईकडे बघेना. गडग्याच्या एका चिऱ्यावर हात ठेवून, जणू त्या चिऱ्यालाच सांगावं तसं मोठ्याने म्हणाला, "उद्या वास्तुशांत आहे. दुपारी जेवण आहे. घरातल्या सगळ्यांनी यायचं." भाईचा सोलायचा हात क्षणभर थांबला. मग परत नारळ सोलायला लागला. दादा वळून आला, स्वयंपाकघरात गेला, खिडकीची कडी काढलीन आणि म्हणाला, "झालं? गडग्याला बोलावणं करून आलो." वहिनीने त्याच्यापुढे घावन ठेवला. दादाने तो खाल्ला. मी त्या क्षणी माझ्या ह्या हट्टी भावावर खूश झाले, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी होम झाला, आरती झाली, पंगती बसल्या. भाई आला नाही. त्याच्या घरातलं कोणीही नाही. माणसं जेवत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून गडग्याकडे बघत होती. वहिनी वाढत होती, हसत होती, सगळ्यांना आग्रह करत होती. पण दर पंगतीनंतर आत येऊन पातेली उगाच हलवायची. शेवटची पंगत उठली तेव्हा तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चल, आपण बसू."

पानं मांडत होतो तेवढ्यात ओटीवरचा गलबला एकदम थांबला. मी बाहेर डोकावले. पलीकडची एकटी येत होती. गडग्याच्या जवळच्या वाटेने नाही, रस्त्याने फिरून, पुढल्या दाराने, सगळ्या वाडीच्या देखत. हातात नारळ. केस पार पांढरे झाले होते तिचे, लांबून मला कधी दिसले नव्हते. दादा बाजूला सरून उभा राहिला. ती त्याच्यासमोरून सरळ आत आली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली, देवापुढे ठेवायचा नारळ तिने ओट्यावरच ठेवला. वहिनी हातात पत्रावळ घेऊन उभी. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

मग ती खिडकीपाशी गेली. चौकटीवर हात फिरवलान, रंग नखाने जरासा खरवडून पाहिला, आणि खाली वाकून बाहेर बघितलं. समोर तिचं घर होतं. जमिनीपासून स्लॅबपर्यंत नुसता चिरा, पावसाच्या ओघळांनी काळा पडलेला, शेवाळलेला, कुठे एक भोक नाही. इतकी वर्षं ती त्याच्या आत राहत होती, पण आमच्या घरातून तिने ते कधीच पाहिलं नव्हतं. ती तशीच वाकून बघत राहिली.

"तू रोज हेच बघत होतीस गो?" ती म्हणाली.

वहिनी "हो" म्हणाली, आणि दुसरी पत्रावळ मांडली.